मोठ्याला सालभर आजीकडे ठेवू का?

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावातून जर्मनीला गेलेल्या आईचा हा प्रश्न आहे. नवरा ब्रदर म्हणून स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात लागला. ती आणि दोन लेकरं त्याच्यामागून ऑगस्टमध्ये गेली. मोठा मुलगा येत्या एप्रिलमध्ये सहा वर्षांचा होईल, धाकटी अडीच वर्षांची आहे. मोठा ऑक्टोबरपासून किटामध्ये, म्हणजे तिकडच्या बालवाडीत जातो. तिथे तो एक शब्द बोलत नाही. घरी आला की आदळआपट, रात्री पुन्हा अंथरूण ओलं, आणि "मले आजीपाशी जाचं हाय" हे दिवसभर. धाकटीची गावात टकळी थांबत नव्हती, आता ती मोजके शब्द बोलते, बाकी बोट दाखवते. नवरा म्हणतो, घरात मराठी बंद करू, म्हणजे पोरं लवकर शिकतील. सासूबाई म्हणतात, पोराले सालभर इकडे पाठवून दे. आई विचारते, काय करू?

ताई, पाठवण्याचं आधी सांगते, कारण घरात रोज वाद त्याच्यावरूनच होत असणार. पाठवू नका.

यातलं कायद्याचं कारण अगदी सरळ आहे. तुमच्या मुलाचा तिथला निवास परवाना वडिलांच्या नोकरीमुळे मिळालेला आहे. आधी परवानगी न काढता सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं, तर असा परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्ड, म्हणजे जास्त पगारावर गेलेल्या उच्चशिक्षितांचा परवाना, ज्यांच्याकडे असतो त्यांच्या कुटुंबाला ही मुदत बारा महिन्यांची असते, पण ब्रदर-सिस्टर म्हणून गेलेल्यांकडे बहुतेक वेळा साधा कुशल कामगाराचा परवाना असतो. नवऱ्याच्या कार्डावर काय छापलंय ते आजच बघा. सालभरासाठी म्हणून पाठवलेल्या लेकराला परत नेताना व्हिसाची सगळी धावपळ पहिल्यापासून करावी लागेल.

पण परवान्याची अडचण नसती तरी मी हेच सांगितलं असतं. पाच वर्षांच्या मुलाला 'एक साल' म्हणजे किती ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आई, बाबा आणि बहीण तिकडे एकत्र आहेत आणि आपल्याला पाठवून दिलं. मी परतवाड्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. आईबाप पुण्याला कंपनीत लागले आणि लेकरू गावी आजीकडे, अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. वजन चांगलं, लसी वेळेवर, आजीने काही म्हणजे काही कमी केलेलं नसतं. पण दिवाळीत आईबाप न्यायला येतात तेव्हा तीच मुलं आजीच्या पदराआड लपतात, आणि पुण्याला नेल्यावर पुढचे सहा महिने आईला जड जातात. तुमचा मुलगा वर्षाने परतेल तेव्हा त्याच्या वयाची मुलं वाचायला लागलेली असतील आणि तो भाषेच्या बाबतीत आज आहे तिथूनच सुरुवात करेल. या चार महिन्यांत त्याने जे कानात साठवलंय तेही पुसलं गेलेलं असेल.

चार महिने तो गप्प आहे, मग त्याने साठवलं काय, असं तुम्हाला वाटेल. दुसऱ्याच भाषेत जाऊन पडलेली लहान मुलं सुरुवातीला काही महिने गप्प राहतात, हे बालविकासात नेहमीचंच आहे. बघायला जर्मनीला जावं लागत नाही. मेळघाटातली कोरकू घरची मुलं धारणी-चिखलदऱ्याकडे मराठी शाळेत पहिलीला बसतात तेव्हा हेच होतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्या लेकराला मराठी जितकी परकी, तितकीच तुमच्या मुलाला जर्मन परकी. दिवाळीपर्यंत ती भिंतीला टेकून बसून राहतात. गुरुजी घेऊन येतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, हा मुका तर नाही न?" सोबत आलेली आई हसते, कारण घरी हाच पोरगा बकऱ्यांनाही स्वस्थ बसू देत नाही. मी कान तपासते, घरचं बोलणं विचारून घेते आणि बहुतेकांना औषध न देता परत पाठवते. एक गोष्ट मात्र वारंवार दिसली आहे. ज्या वर्गात एका तरी शिक्षकाला कोरकूतले चार शब्द येतात, तिथली मुलं लवकर तोंड उघडतात.

तेच तिथे करा. एका कागदावर दहा-बारा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, पुढे त्यांचा जर्मन अर्थ: पाणी, शू, शी, भूक, दुखते, थंडी वाजते, आई येते, आवडलं, नको. तुम्ही घरी जसे बोलता तसेच लिहा. 'लघवी' लिहून उपयोग नाही, घरात तो शब्द कोणी वापरतच नसेल. हा कागद किटातल्या ताईंना द्या आणि एकदा उच्चार करून दाखवा. त्या हसतील, चुकतील, आणि मुलगा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघेल.

तो गप्प असला तरी आत काही चाललंय की नाही, हे कसं ओळखायचं? सूचना ऐकून जोडे घालतो का, इतर मुलांच्या शेजारी बसून खेळतो का, घरी खेळण्याशी एखादा जर्मन शब्द पुटपुटतो का, किटातलं गाणं गुणगुणतो का, हे बघा. यातलं काही दिसत असेल तर थांबा. मे महिना आला तरी तिथे एकाही माणसाशी खुणेनेसुद्धा संवाद नसेल, किंवा घरातलं मराठी बोलणंही आटत असेल, तर तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर "आज काय बोललास?" हा प्रश्न संध्याकाळी विचारायचा नाही. नवऱ्यालाही सांगा, आणि आजोबांनाही. व्हिडिओ कॉलवर "जर्मन बोलून दाखव बरं" म्हणून लेकराला उभं करणं तर ताबडतोब बंद.

घरी येऊन आदळआपट करतो ती तुमच्यावरचा राग म्हणून नव्हे. सहा-सात तास न कळणाऱ्या भाषेत नीट वागायचं म्हणजे मोठ्या माणसालाही थकवा येतो. दार उघडल्यावर हातात खायला द्या, जवळ बसा, अर्धा तास काही विचारू नका, काही शिकवू नका.

आता अंथरूण ओलं होण्याचं. घर बदललं की असं होतं, आणि रागावलं की ते लांबतं. पण आणखी एक कारण तपासा, जे आईलाही सहसा सुचत नाही. तिकडच्या संडासात पाणी नसतं, कागद असतो. आपल्याकडची बरीच मुलं त्यामुळे दिवसभर शी दाबून धरतात, कोणाला सांगायची तर भाषाही नसते. दोन-तीन आठवड्यांत बद्धकोष्ठ होतो, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब टाकतं आणि रात्री शू सुटते. तो किती दिवसांनी शीला जातो, खडा होतो का, दुखतं का, चड्डीला डाग लागतात का, हे बघा. असं असेल तर सकाळी अर्धा तास आधी उठवून, काहीतरी गरम खाऊ-पिऊ घालून, घरच्या संडासात पायाखाली पाट ठेवून दहा मिनिटं बसवा. किटातल्या ताईंना सांगा की आमच्याकडे पाण्याने धुतात, याला ओला रुमाल किंवा ओले वाइप्स चालतील का. त्यांना हा प्रश्न नवा नसतो. बद्धकोष्ठ जुना असेल तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतील. ते काही आठवडे सलग द्यावं लागतं, दोन दिवसांत थांबवायचं नाही. दूध दिवसाला दोन पेल्यांवर आणा. आपल्याकडे न जेवणाऱ्या लेकराला दुधावर ठेवायची सवय आहे, त्याने पोट साफ होत नाही आणि रक्तही कमी होतं.

घरात मराठी बंद करायचं नवऱ्याच्या डोक्यातून काढा. त्यांना नर्सिंगसाठी जर्मन शिकावं लागलं, त्या कष्टातून त्यांना असं वाटतं, हे समजतं. पण मुलं जर्मन शिकतात ती किटात, मैदानावर, इतर मुलांकडून. तुमची जर्मन अजून "हे काय आहे, ते किती रुपयाचं" इतकीच आहे. तेवढ्या भाषेत आई आपल्या लेकराला भीती समजावून सांगू शकत नाही, गोष्ट सांगू शकत नाही, चेष्टा करू शकत नाही. मग घरात बोलणंच कमी होतं, आणि धाकटीच्या बाबतीत ते झालेलं दिसतंय. दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही. घरची भाषा भक्कम असलेली मुलं शाळेची भाषा चांगली पकडतात, हे मी इथे कोरकू आणि मराठीच्या बाबतीतही बघते. आणि हो, मराठी म्हणजे पुस्तकातली नव्हे. "काऊन रडून राह्यला बापा?" असं विचारा. तुमची वऱ्हाडी ऐकून शेजारच्या पुणेकर ताई हसल्या, असं तुम्ही लिहिलंय. हसू द्या. तुमच्या मुलाचं रडणं त्या वाक्याने थांबतं.

धाकटीचं थोडं गांभीर्याने घ्या. गावात तिच्याशी दिवसभरात कोण कोण बोलत होतं ते आठवा: आजी, आजोबा, काकू, चुलत भावंडं, शेजारची बाई, दुकानदार, सालदाराची बायको. तिकडे कोण? तुम्ही एकट्या, त्याही थकलेल्या, आणि फोन. बोलणं मंदावायला एवढं कारण पुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एका तासाहून जास्त स्क्रीन नको, आणि जितकी कमी तितकं बरं. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकाच्या वेळी फोन देते. स्वयंपाकाची वेळ किती, ते एकदा घड्याळ लावून बघा. त्यापेक्षा तिला ओट्याजवळ खुर्चीवर उभं करा, वाटाणे सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या, आणि बोलत राहा: "आता आलू चिरते, आता जिरं टाकते, उडालं पाय!"

पण एवढ्यावर सोडायचं नाही. येत असलेले शब्द खरोखरच गेले असतील, नाव घेतल्यावर ती वळत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, बोट दाखवून "ते पाय" म्हणत नसेल, तर लगेच तपासणी हवी. बोट दाखवते असं तुम्ही म्हणता, हे चांगलं लक्षण आहे. तरी कान तपासूनच घ्या. थंडीत एकामागून एक सर्दी झाली की पडद्यामागे पाणी साठतं आणि मूल अर्धवट ऐकतं. तिकडे ठरलेल्या वयाला मुलांच्या तपासण्या होतात, त्यांची पिवळी वही असते. तीन वर्षांच्या आसपासच्या तपासणीचं नाव यू-७-ए. तिची वेळ आत्ताच घ्या, कारण तिथे वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. जाताना इथलं लसीकरणाचं कार्ड न्या. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड आणि कांजिण्या नाहीत, त्या डॉक्टर सुचवतील. दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवून सांगा की ही जन्मतःच टोचलेली टीबीची लस. जर्मनीत ती आता देत नाहीत, नव्या डॉक्टरला व्रण ओळखू येईलच असं नाही. काजळ मात्र लावू नका. गावातलं असो की बाजारातलं, काही काजळांत शिसं सापडतं, आणि शिसं लेकराच्या मेंदूला घातक असतं. नजरेची भीती असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावा, घरी केलेली.

आजारपणात तिकडे तुमचा आणि डॉक्टरांचा खटका उडणार, हे आधीच सांगून ठेवते. किटाच्या पहिल्या हिवाळ्यात दर पंधरवड्याला नाक वाहतं. या वयात वर्षाला आठ-दहा सर्द्या सामान्य धरल्या जातात. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बाप दारात उभा असतो: "मॅडम, एखादी सुई द्या, नाहीतर सलाईन लावा." तिथला डॉक्टर तपासेल, पाणी पाजा, तापाचं औषध द्या, तीन दिवसांनी या, असं म्हणून घरी पाठवेल. तो हयगय करत नाहीये. विषाणूच्या सर्दीला अँटिबायोटिक लागतच नाही, हे मी इथे सांगून सांगून थकले. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा आकडी आली, तर मात्र ११२ फिरवा. दवाखाने बंद असताना तातडीचं पण जिवावरचं नसेल, तर ११६११७. दोन्ही क्रमांक दारावर चिकटवा.

आता तुमच्याबद्दल. सगळ्या पत्रात मुलांबद्दल तीन पानं आणि स्वतःबद्दल एक ओळ आहे: "मी दिवसभर घरातच असते, मले कंटाळा येते." माझ्या मते सगळ्याचं मूळ त्या एका ओळीत आहे. गावात तुमची दोन मुलं दहा जण मिळून सांभाळत होते. आता दहा जणांचं काम एकट्या तुमच्यावर आलंय, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, डिसेंबरात साडेचारला दिवस मावळतो अशा ठिकाणी, नवरा कधी पहाटेच्या, कधी रात्रीच्या पाळीत. अशा वेळी कोणत्याही बाईचा चेहरा उतरतो, आणि मुलं नवी जागा कशी आहे हे आईच्या चेहऱ्यावरून ठरवतात. मोठ्याच्या जर्मनची चिंता जरा बाजूला ठेवा. आधी तुमच्या दिवसात घराबाहेरच्या दोन गोष्टी आल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे दुपारी बाहेर पडणं. उन्हाळ्यात अकरा ते चार लेकराला घराबाहेर काढायचं नाही, हे आपल्या हाडात भिनलंय, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो. तिथे हिवाळ्यात नेमक्या त्याच वेळी बाहेर पडायचं. ऊन असो, ढग असो, भुरभुर पाऊस असो. चिखलात बसता येईल अशी रबरी पँट मुलांसाठी मिळते, जुनी घेतली तरी चालते. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, आपल्या सावळ्या रंगाला तर आणखी अवघड. ते मुलांना आणि तुम्हाला वेगळं द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. बाहेर जायचं ते मुख्यतः माणसं दिसावीत म्हणून. रोज त्याच वेळी त्याच मैदानावर गेलात की तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी नाव विचारतं.

दुसरी, जर्मनचा वर्ग. तुम्ही कुटुंबासोबत गेलेल्या आहात, म्हणजे तुमच्या परवान्यावर तुम्हाला काम करायचाही हक्क आहे. तो भाषेशिवाय कागदावरच राहील. गावोगावी 'फोल्क्सहोखशुले' नावाची प्रौढांची शाळा असते, तिथे चौकशी करा, काही ठिकाणी वर्गाच्या वेळी मुलं सांभाळण्याची सोय असते. दर मुलामागे सरकारकडून महिन्याला किंडरगेल्ड मिळतं, २०२५ साली ते २५५ युरो होतं. त्यातला पहिला खर्च आईच्या वर्गाचा, हे नवऱ्याला माझ्या नावाने सांगा. धाकटीसाठीही किटात नाव घाला. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून आहे, पण जागा कमी पडतात, म्हणून रांगेत लवकर उभं राहिलेलं बरं. ती जाईल तेव्हा सुरुवातीला आईला सोबत बसवून घेतात: पहिले काही दिवस नुसतं सोबत, मग पाच-दहा मिनिटं बाहेर, मग वाढवत नेतात. "घरी कामं पडलीत" म्हणून हे आवरतं घेऊ नका. मोठ्याच्या वेळी तीन दिवसांत उरकलं, असं तुम्ही लिहिलंय. तिची सवय लागेपर्यंत तीन-चार आठवडे बाजूला काढा.

ओळखी करून घ्यायची पद्धतही वेगळी आहे. आपल्याकडे दुपारी कोणीही येतं, चहा ठेवतो. तिथे दाराशी कोणी येणार नाही, आणि त्याचा अर्थ तुम्ही नकोशा आहात असा नाही. तुम्हीच विचारायचं, दिवस आणि वेळ ठरवून. किटातल्या एका आईला, मुलगा ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या आईला, शनिवारी तीन ते पाच बोलवा. संत्र्याचा हंगाम असेल तर फळं ठेवा, नसेल तर पाटवड्या करा. खेळायला भाषा कमी लागते. दोन पोरं आणि एक चेंडू पुरतात. आईबाबा आणि लहान मुलं मिळून व्यायाम करायचे वर्ग क्रीडामंडळांत चालतात, वर्गणी फार नसते. तिथे माणसं भेटतात ती मंडळांत, ओसरीवर नाही.

पंधरा दिवसांहून जास्त काळ झोप नाही, जेवण जात नाही, कारण नसताना रडू येतं, मुलांचा आवाजही नको होतो, असं असेल तर घरच्या डॉक्टरांना सांगा. "सासरी कळलं तर" हा विचार करू नका, तिथला डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय कोणाला काही सांगू शकत नाही.

नवऱ्याने काय करायचं? दुपारची पाळी असेल त्या दिवशी सकाळी मुलाला किटात त्यांनी सोडायचं. तिथे बाप लेकराला सायकलवर घेऊन जातात, यांच्याकडे बघून कोणी हसणार नाही. आणि हात उचलायचा नाही, दोघांनीही. आपल्याकडे दोन धपाटे कोणी मोजत नाही, पण जर्मनीत मारहाणीशिवाय वाढण्याचा मुलाचा हक्क २००० सालापासून कायद्यातच लिहिलेला आहे. मुलाने किटात सांगितलं किंवा अंगावर वळ दिसला, तर त्यांना चौकशी करावीच लागते. घाबरवायला सांगत नाही. धपाट्याने अंथरूण कोरडं होत नाही, हे मी इथेही सांगते.

सप्टेंबरचं आत्तापासून बोला. तुमच्या राज्यात, म्हणजे बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये, ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी शाळेत जाणं सक्तीचं आहे, तुमचा मुलगा एप्रिलचा, म्हणजे तो बसणार. भाषेमुळे वर्षभर थांबवता येतं का, की जर्मन न येणाऱ्या मुलांसाठीच्या तयारीच्या वर्गात घालायचं, हे किटातल्या ताई आणि शाळेचे मुख्याध्यापक यांच्याशी बसून ठरवा. माझं मत विचाराल तर तो आईशी मराठीत नीट बोलत असेल, स्वतःचे कपडे घालत असेल आणि शी-शू सांगत असेल, तर थांबवू नका. तयारीच्या वर्गात त्याच्यासारखी तुर्की, युक्रेनी, सीरियन मुलं असतील, तिथे गप्प बसणारा तो एकटा नसेल. शाळेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी भरलेला कागदाचा मोठा शंकू असतो. तो घरून न्यायचा असतो, शाळा देत नाही. हे माहीत नसलेल्या घरातलं लेकरू त्या दिवशी रिकाम्या हाताने फोटोत उभं राहतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सासूबाईंशी बोलण्याचं वेळापत्रक बदला. घड्याळातला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तुमची संध्याकाळी सहाची निवांत वेळ म्हणजे आता गावात रात्रीचे साडेदहा, आजी पेंगलेली असते आणि मुलगा दमलेला, म्हणून दोघंही रडतात. रविवारी तुमचे सकाळचे नऊ म्हणजे गावात दुपारचे दीड, ते बरं. आजीने "बाप्पा, किती वाळला रे" म्हणायचं नाही, आणि पाठवून देण्याचा विषय मुलासमोर काढायचा नाही. त्याऐवजी गोठ्यात फोन न्यायचा, वासरू दाखवायचं, कोंबडीने किती अंडी दिली ते सांगायचं. भुलाबाईची गाणी, झोपतानाची गोष्ट तिच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. मुलगा ती रात्री दिवा मालवून ऐकेल, धाकटीच्या कानावरही रोज मराठी पडेल. आजीला हे काम दिलंत तर तिचाही जीव रमेल. ती पाठवून दे म्हणते त्यामागे पोराची चिंता आहेच, पण घर रिकामं झालंय हेही आहे.

आणि शाळा सुरू होण्याआधी, यंदाच्या ऑगस्टमध्ये, सगळ्यांनी मिळून या. पुढच्या वर्षापासून सुट्टीशिवाय शाळा बुडवता येणार नाही, जर्मनीत त्याचा दंड होतो. पण तुमच्या राज्यातली उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते आणि पोळा बहुतेक वेळा त्यातच येतो, म्हणजे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दोघंही गावात फिरू शकतात. येण्याआधी टायफॉइडची लस घेतली नसेल तर घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, गवताळ भागात स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, असतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि उकळलेलं पाणी. ताप आला तर दोन दिवस वाट बघत बसू नका, दाखवायला आणा, आणि जर्मनीत परतल्यावर ताप आला तरी तिथल्या डॉक्टरांना "आम्ही भारतातून आलो" हे पहिल्या वाक्यात सांगा.

निघण्याआधीच मुलाला कॅलेंडरवर परतीची तारीख दाखवा आणि गावातल्या सगळ्यांना ताकीद द्या, की "तुले आता इथंच ठेवून घेतो" ही थट्टा कोणी करायची नाही. परत निघताना बाजारात चाललो असं खोटं सांगून गाडीत बसवायचं नाही. तो रडेल, आजीही रडेल, रडू द्या. परतीचं तिकीट मात्र शाळा सुरू होण्याच्या निदान आठवडाभर आधीचं काढा.